दहा मीटर, पुढं कोणी नको

आमच्या मुलीला नेम धरायला दहा मीटर सरळ जागा हवी होती. मैदान नको, डोंगर नको. एका टोकाला ती उभी राहणार, दुसऱ्या टोकाला तळहाताएवढा कागद, आणि मध्ये कोणी नाही. एवढीच मागणी. तलवाड्यासारख्या मोठ्या गावात ती पुरी करायला मला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात माणसांची जेवढी किळस आली तेवढी इतकी वर्षं मास्तरकी करूनही आली नव्हती.

मी कोण ते आधी सांगते. माझे आईबाप उसाच्या फडात कोयता चालवायचे. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारी मी पहिली. बी.एस्सी., पदार्थविज्ञान घेऊन. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज बारीक करत नाही. अंबाजोगाईला कॉलेजात असताना एन.सी.सी.त पोटावर झोपून पाच गोळ्या मारल्या होत्या, पाचही कागदावर लागल्या. आता हायस्कूलला विज्ञान शिकवते. मालक एसटीत ड्रायव्हर आहेत. मुलगी अकरावीला.

मुलीला एअर रायफलचा नाद शाळेतल्या जिल्हा स्पर्धेपासून लागला. जत्रेत फुगे फोडायची बंदूक ती ही नव्हे. हिच्यात दाबलेली हवा भरलेली नळी असते, शिशाचा बारका छर्रा असतो, आणि घोडा इतका हलका, की वहीचं पान उलटायला जेवढं बोट लावतो तेवढ्यानंच सुटतो. आम्ही जुनी, वापरलेली घेतली. दर रविवारी संभाजीनगरला जाऊन एका सरांच्या हाताखाली सराव चालायचा. मागल्या वर्षी राज्य स्पर्धेत ती तीन गुणांनी मागं राहिली. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीचा हात चांगला आहे, पण आठवड्यातनं एक दिवस म्हणजे काहीच नाही, रोज साठ छर्रे सुटले पाहिजेत. पुढच्या वर्षी बारावी. म्हणजे जे काही व्हायचं ते यंदाच. यंदा ठरलेले गुण पडले तर ती पुढं जाणार, नाही तर रायफल पेटीत जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आमचं घर आणि थोरल्या दिरांचं घर एकाच अंगणात. मध्ये त्यांची कापसाची खोली, अडतीस फूट लांब, विटांची, वर पत्रे, वर्षातले सात-आठ महिने रिकामी. मी दिरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले, उलट मांडीवर थाप मारून म्हणाले, "मास्तरीणबाई, आपल्या घरात बंदूक आली, खोली कावून मागताव, घर मागा." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ह्यांना पोरगी दिसत नाही, फक्त बंदूक दिसतेय. पण खोली मिळाल्याच्या आनंदात मी ते बोलणं कौतुक म्हणून घेतलं.

मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. कुठं उभं राहायचं, कुठं कागद लावायचा, जमिनीपासून किती उंचीवर, ट्यूबलाइट कुठं. छर्रा झेलायला मागं लोखंडी पेटी लागते, तिचंही चित्र काढलं आणि रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं घेऊन गेले. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र बघितलं. मग एक प्लेट भिंतीला उभी टेकवली आणि सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा तिच्यावर जोरात फेकला. तो टण्णकन परत येऊन त्यांच्याच नडगीला लागला.

"मॅडम, सिद्दी प्लेट वापस मारती," ते नडगी चोळत म्हणाले. "वरची कड बेटीकडं झुकवा. मग छर्रा खाली पडंल, कुठं जाणार न्हाई."

परावर्तनाचे नियम मी दरवर्षी फळ्यावर काढते, आणि माझ्याच चित्रात प्लेट काटकोनात उभी होती. लाज वाटली. पण चाचांनी दुकानात बसलेल्या कुणाला ते सांगितलं नाही, आणि प्लेटच्या खाली वाळूचा ट्रे आपणहून बसवून दिला. पेटीच्या चारी बाजूंनी भिंतीवर टांगायला मालकांनी मांजरसुंब्याहून ट्रकच्या मागच्या चाकांपुढं लोंबणारे जुने रबरी पट्टे आणले. नेम चुकलाच तर छर्रा रबरात रुतावा, भिंतीवरून उडू नये म्हणून.

कागदाजवळ एक बाजूचं दार होतं, ते मी पहिल्यांदा विटांनी बुजवून घेतलं. खिडकीला आतून प्लाय ठोकला. आत यायचं दार फक्त नेम धरणाऱ्याच्या पाठीमागं. ती उभी राहते त्या रेषेच्या पुढं कोणी असेल तर रायफलीला हात लावायचा नाही. वापरात नसताना तिची खटकी, म्हणजे छर्रा घालायची मागची खीळ, उघडी आणि नळीतून आरपार नारिंगी दोरा, म्हणजे लांबूनही दिसावं की आत काही नाही. सराव चालू असला की दाराबाहेर लाल फडकं. शिशाची धूळ पोटात जाते म्हणून आत खायचं नाही, कोरडा झाडू मारायचा नाही, ओलं पुसायचं, बाहेर आल्यावर हात साबणानं धुवायचे. हे सगळं मी शाळेच्या कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरात टाइप करून दारावर चिकटवलं. खाली माझी सही, सहीखाली बी.एस्सी., बी.एड. रायफल आमच्या घरातल्या कपाटात, छर्रे वेगळ्या डब्यात.

एवढं सगळं करून मी एक चूक केली. दीर म्हणाले, खोली माझी हाय, कुलपाची एक चावी माझ्याकडं असू द्या. मी दिली. नाही म्हणून वाईटपणा कशाला घ्या, रायफल तर आपल्या कपाटात आहे, असा विचार केला.

सरावाला सुरुवात झाली आणि पोरीचे गुण वाढायला लागले. सकाळी साडेपाचला ती खोलीत जायची, मी मागं स्टुलावर बसून मुलांचे पेपर तपासायचे. चप्, चप्, असा आवाज यायचा, बाटलीचं बूच काढल्यासारखा. मधे पाचेक मिनिटं काहीच नाही, कारण तिला श्वास नीट लागत नसेल तर ती रायफल खाली घ्यायची. ती न मारता खाली घ्यायची, त्याचं मला जास्त समाधान वाटायचं. दोन महिन्यांत मागल्या वर्षीचे ते तीन गुण भरून निघाले, वर चार आले.

मग बघे यायला लागले. दिरांची ऊठबस एका पुढाऱ्याच्या माणसांत. पांढरे कपडे, गळ्यात गमछा, दिवसभर कुणाच्या तरी गाडीत. आमच्याकडं सध्या असल्या माणसांना कमरेला काहीतरी खोचल्याशिवाय फोटो काढता येत नाही. खरं नसलं तर खोटं खोचतात. दीर दुपारी त्यांना खोली दाखवायला आणायचे, आम्ही माय-लेकी शाळा-कॉलेजात असताना. संध्याकाळी आम्हाला फक्त खुणा दिसायच्या. एक दिवस पोरगी जिथं पाय रोवून उभी राहते तिथंच गुटख्याची लाल पिचकारी. मी फिनाइल टाकून पुसलं. चार दिवसांनी रबरी पट्ट्यावर ओघळ. आणि एकदा तर लावलेल्या कागदावर, आठव्या-नवव्या वर्तुळाच्या मधोमध, थुंकीचा डाग. म्हणजे ह्या मोठ्या बाप्यांनी उभं राहून थुंकीनं नेमबाजी खेळली होती. कागद मी चिमट्यानं काढला. पोरगी म्हणाली, "आई, फोटो काढून ठेवू का? नऊ गुणांचा हाय." ती हसली. मला हसू आलं नाही.

दिरांना सांगितलं तर ते म्हणाले, पाव्हणे हायेत, तेवढं चालायचंच. सुट्टीच्या दिवशी आले की पाहुणे काय विचारायचे तेही ऐकायला मिळायचं. ह्यानं रानडुक्कर पडंल का? नाही म्हटलं की, मग हिला बंदूक कशाला म्हणायची. एक जण म्हणाला, माणसाला लागली तर निदान आंधळा तरी व्हईल का न्हाई? आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत राहिला, जसं मी भाजीचा भाव सांगणार आहे.

नंतर दिरांचा वाढदिवस आला. त्यांनी रायफलसोबत एक फोटो मागितला. मी समोर उभी राहून काढू दिला, खटकी उघडी ठेवून, नळीत नारिंगी दोरा ठेवून. मनात म्हटलं, बघणाऱ्याला निदान कळेल की हे नीट ठेवलेलं हत्यार आहे. दोन दिवसांनी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. दीर काळ्या चष्म्यात, रायफल खांद्यावर, पाठीमागं वाघ. आणि दोरा नाही. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर तो पुसून टाकला होता, खटकीही मिटवून टाकली होती. कशाला, तर हत्यार भरलेलं दिसावं म्हणून. पोरगी फोटोत शेजारी उभी होती, तीही पुसलेली. त्या फ्लेक्सखालून मी पंधरा दिवस शाळेत गेले.

इथपर्यंत आल्यावर तरी चावी परत घ्यायची होती. घेतली नाही, आणि ते आजही मला टोचतं. दुसऱ्याला शिकवायला मी हुशार.

दसऱ्याला मालक ड्यूटीवर होते, सणाला एसटीला सुट्टी नसते. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या हत्यारांची, औजारांची पूजा होते. विळे, कोयते, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, माझ्या टेबलावरची कंपासपेटीसुद्धा. रायफलीचीही व्हावी, असं दीर आठ दिवस म्हणत होते. मी सांगितलं, आमच्या देवघरापुढं होईल, पेटी बंद ठेवून, वरून हळद-कुंकू. ते बरं म्हणाले.

मी पुरणाच्या घाईत होते. दिरांनी पोरीला हाक मारून सांगितलं, पाव्हणे आलेत, पूजा खोलीतच करू, घेऊन ये. थोरल्यांचा शब्द, सणाचा दिवस, आणि तिनं त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही. तिनं रायफल नेली, टेबलावर ठेवली, नळी पेटीच्या दिशेनं, खटकी उघडी, दोरा आत. सगळं नियमानं. मग दिरांनी तिला घरातून आपट्याची पानं आणायला पाठवलं. पानं घेऊन परत जाताना तिनं ओट्याजवळ येऊन मला हे सांगितलं, तशी मी नैवेद्याचं ताट उचललं आणि तिच्या मागोमाग निघाले.

खोलीत शिरले तेव्हा दिरांच्या भोवती तीन पांढरे कपडे, तिघांच्या हातात मोबाइल. आणि थोरल्या जाऊबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. नळीच्या समोर. चार पावलांवर. त्यांचं काही चुकलं नव्हतं, देवाला ओवाळतात ते समोर उभं राहूनच, पाठीमागून कोण ओवाळतं? पोरगी डाव्या अंगाला, रेषेच्या पुढं, भिंतीला टेकून उभी, कारण मोठ्या बाबांनी, म्हणजे दिरांनी, तिला फोटोत घ्यायला तिथंच उभं केलं होतं.

मी दारातून म्हटलं, "अक्का, तिथून बाजूला व्हा." जाऊबाईंना वाटलं, त्यांच्या सावलीनं फोटो बिघडतोय. त्या हसून अर्धं पाऊल सरकल्या. माझं लक्ष तेव्हा टेबलावर गेलं. नारिंगी दोरा रायफलीत नव्हता. तो पूजेच्या ताम्हणाशेजारी नीट गुंडाळून ठेवला होता. नेम धरायच्या पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलेलं, पाठीवर हळद. दिरांनी झेंडूचा हार रायफलीला घातला. तो नीट बसेना, म्हणून त्यांनी नळी जराशी वर उचलली आणि हार घोड्याखालून ओढून सरळ केला.

चप्.

जाऊबाईंच्या हातातलं ताट वाजलं. निरांजन उडून त्यांच्या निऱ्यांवर पडलं, पेटायच्या आत त्यांनी हातानंच विझवलं. छर्रा ताटाच्या काठाला लागून वळला आणि पोरीच्या कानापासून वीतभर अंतरावर भिंतीत गेला. पत्र्याखालच्या त्या भिंतीचा गिलावा तिच्या नव्या ड्रेसच्या खांद्यावर सांडला. तिनं तो झटकलासुद्धा नाही.

सगळ्यात आधी हसले ते दीर. आपल्याकडं मोकळं काही देत नाहीत, ठेवत नाहीत. डबा परत करताना आत चार दाणे टाकतात, सवाष्णीची ओटी भरतात, सुपात मूठभर तरी ठेवतात. तोच हिशेब त्यांनी रायफलीला लावला होता. पोरगी पानं आणायला गेली, तेवढ्यात त्यांनी दोरा काढला आणि टेबलाखाली सांडलेला एक न वापरलेला छर्रा आत घालून खटकी मिटली. तिचं बघून बघून त्यांना ते येत होतं.

"मोकळं हत्यार पुजत न्हाईत," ते म्हणाले. "वटी मोकळी ठिवतो का आपण?"

मी हार तोडला, खटकी उघडली, रायफल छातीशी धरली. म्हटलं, "भाऊजी, ते ताट चार बोटं खाली असतं तर अक्कांचा गळा होता. आणि तिकडं माझी पोरगी होती."

"झालं का काही? न्हाई ना. मग सणासुदीचं कावून तोंड वाईट करायलाव."

पांढऱ्या कपड्यांतला एक जण मान डोलावून म्हणाला, देवीनंच झेलला छर्रा. दुसरा त्याच्या मोबाइलमध्ये मागं-पुढं करून तो क्षण शोधत होता.

त्यांनी तो शोधला. दिवस मावळायच्या आत व्हिडिओ गावभर झाला होता. वर ढोल-ताशा, खाली 'शस्त्रपूजन', आणि ताट वाजायचा तो आवाज तीनदा, हळू करून करून. जाऊबाई दचकतात ते हळू, निरांजन पडतं ते हळू. खाली शेकडो लोकांनी वाघाची चित्रं टाकली होती. सुट्टीनंतर शाळेत माझ्याच वर्गातल्या मुलांनी बाकाखाली मोबाइल लपवून तो बघितला. स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, "मॅडम, तुमच्याच घरचं ना हे? नियम-बियम लावलेत म्हणं दारावर." त्याच्या बोलण्यात काळजी नव्हती, चव होती. दारावरचा कागद मी घरी जाऊन फाडला. माझी सही, माझी पदवी, आणि त्याच दाराच्या आत हे.

मला वाटलं होतं जाऊबाई नवऱ्याची बाजू घेतील. चौथ्या दिवशी त्या ताक घेऊन आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सहज आवाजात म्हणाल्या, "बाई, मी तिथं मेले असते ना, तर ह्येंनी त्येचाबी व्हिडिओ टाकला असता." मग ताकात मीठ कमी आहे का ते बघायला सांगितलं.

पण खरं नुकसान कुठं झालं होतं ते मला नंतर कळलं. सरावाला परत सुरुवात केली तर पोरीचे छर्रे कागदभर विखरायला लागले. सात, आठ, सहा. मी रायफल तपासली, काचेवरचं कुंकू कापसानं काढलं, सरांना फोन केला. सर म्हणाले, तिच्या डोळ्याकडं बघा. मी बाजूला उभी राहून बघितलं. घोडा सुटायच्या आधी तिचा डोळा मिटत होता. केसाएवढा वेळ, पण मिटत होता. मी विचारलं, काय होतं? तिनं रायफल ठेवली, दोरा घातला, मग म्हणाली,

"आई, पुढं कोणतरी हाय असं वाटतं. दरवेळी. मी बघते, कोणी न्हाई. बोट लावलं की परत वाटतं."

स्पर्धेला सात आठवडे होते. मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतं, तिचं खरं होतं. त्या खोलीत पुढं कोणी नाही, ह्याची खात्री तिला कुणी देऊ शकत नव्हतं, कारण दुसरी चावी होती.

मी दिरांकडं चावी मागितली. त्यांनी दिली नाही. उलट म्हणाले, वेचणी सुरू झाली, खोली लागणार. दोन दिवसांत खोलीत पत्र्यापर्यंत कापूस गेला. चाचांची पेटी अंगणात उताणी टाकलेली, ट्रेमधली वाळू कोंबड्यांनी उकरलेली, रबरी पट्टे गोठ्याच्या दाराला.

मालक सुट्टीवर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते तसे बोलतच नाहीत, त्यांची सगळी बोलणी हॉर्नमध्ये संपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टेप घेऊन घरातच मोजमाप चाललेलं. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं. मागं स्वयंपाकघर, मध्ये खोली, पुढं बैठक, तिन्ही दारं एका रेषेत. "चौतीस फूट भरतंय," ते म्हणाले. "वट्याला पाठ लावून पोरगी हुभी राहिली तर. फक्त समोर पुढचं दार येतंय."

मी म्हटलं, बुजवा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुढचं दार म्हणजे घराचं तोंड. रोज सकाळी त्या उंबऱ्यावर मी रांगोळी काढते, लक्ष्मी तिथून येते म्हणतात. सून तिथूनच आत येते, तिरडी तिथूनच जाते. पण सहा फुटांचं पातळ लाकडी दार छर्ऱ्यापुढं ठेवायला मी तयार नव्हते, आणि बाहेरून ढकलता येईल असं दार तर कधीच नाही. गवंडी बोलावला. चौकटीत नऊ इंची भिंत उभी राहिली, आतून चाचांची पेटी, चारी बाजूंनी रबर. पेटी नीट करून बसवायला चाचा स्वतः आले. त्यांनी वाकून प्लेटचा कोन बघितला, वर बैठकीच्या भिंतीवर देवाच्या तसबिरी होत्या त्या मधल्या खोलीत हलवा म्हणाले, धक्क्यानं खिळे सैल होतील. सोफा आम्ही मागच्या पडवीत टाकला. सराव होईपर्यंत चूलही पडवीत, कारण शिसं आणि पीठ एका जागी नको. सरांकडं आणि स्पर्धेला सोडून रायफल घराबाहेर जायची नाही. घराचं दार आता एकच, मागचं, पडवीचं, पोरीच्या पाठीमागं, आणि त्याची कडी आतून. मोरी, धुण्याचा दगड, म्हशीचा गोठा ओलांडल्याशिवाय आमच्या घरात येता येत नाही.

गावात बायका म्हणाल्या, सवाष्णीनं उंबरा बुजवला. म्हणू देत. दिरांनी निरोप पाठवला की वास्तुदोष लागेल, पाव्हण्याला काय म्हशीच्या शेणातून आणणार?

पहिले आठ-दहा दिवस काही फरक पडला नाही. डोळा मिटतच होता. ती मारण्याआधी प्रत्येक वेळी रायफल ठेवून पुढं जायची, तिन्ही खोल्या चालून यायची, कोपऱ्यात बघायची, परत येऊन उभी राहायची. साठ छर्ऱ्यांना तीन तास लागायचे. मी पडवीत भाकरी करत बसायचे आणि घाई करायचे नाही. मालकांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, तर मी त्यांच्याकडं बघितलं. हळूहळू तिचं चालणं कमी झालं. दर छर्ऱ्याला, मग पाच छर्ऱ्यांना, मग फक्त सुरुवातीला एकदा.

मागल्या शनिवारी ती चाळिसाव्या छर्ऱ्यावर होती, तेव्हा पुढच्या अंगाला गाडी थांबली. दरवाजे आपटले, तीन-चार माणसांचा आवाज. मग दिरांचा, कुणाला तरी दाखवत चाललेला, ह्या ह्या इथं आपली पुतणी. मग आवाज थबकला. ज्याच्यासमोर ते उभे होते तिथं दार नव्हतं, वीट होती. एक जण हसला. दिरांनी भिंतीवर हाताचा पंजा मारला आणि हाक मारली, "ए पोरी. दार कुठंय? साहेब आलेत, उघड."

मी कढई तशीच ठेवून उठले, आणि दारातच थांबले. पोरीनं रायफल खाली घेतली होती. घाई नाही. खटकी उघडली, छर्रा काढून डबीत टाकला, दोरा घातला, टेबलावर ठेवली. मग मान जराशी वर करून, वर्गात हजेरीला देतात तेवढ्याच आवाजात म्हणाली,

"मोठे बाबा, मागून या. वीस राहिलेत. तेवढं झाल्यावर उघडते."

बाहेर कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. मोरी, गोठा, आणि वरून वीस छर्रे थांबायचं. मग गाडीचे दरवाजे परत आपटले आणि गाडी गेली, बसस्टँडकडं. दिरांचा आवाज गाडीत गेला का मागं राहिला ते मला कळलं नाही, आणि मी बघायलाही गेले नाही.

पोरगी पुढं चालून बघून आली नाही. तिथंच उभी राहून तिनं तीन खोल्यांकडं एकदा सरळ बघितलं, दोरा काढला, छर्रा भरला, गाल लाकडाला लावला. मी आत सरकून बाजूनं तिच्या डोळ्याकडं बघत होते. श्वास सोडला, थोडा ठेवला, बोट लागलं.

डोळा उघडा होता. कागदावर कुठं लागला ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती पुढचा छर्रा भरत होती.